वाडीवरच्या शाळेतल्या मुलांसाठी काय न्यावं, कधी न्यावं, कसं द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका सोसायटीतल्या पंचवीस कुटुंबांनी मिळून ६२ हजार रुपये जमवले आहेत. वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, पश्चिमेकडच्या डोंगरात एका वाडीवर जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पटावर २३ मुलं. येत्या १५ ऑगस्टला तिथे जाऊन मुलांना दप्तरं, चॉकलेटं, खेळणी आणि घरातले चांगल्या अवस्थेतले जुने कपडे द्यायचे आहेत. सोसायटीतली मुलंही सोबत येणार आहेत. आणखी काय न्यावं आणि वाटप कसं करावं?

मी अकरा वर्षं भोरच्या पश्चिमेला, भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडे, एका द्विशिक्षकी शाळेत शिकवत होते. त्यानंतर गेली चौदा वर्षं पुण्यात राहून भोर, वेल्हे, मुळशी, आंबेगावातल्या लहान शाळांना सामान पोचवते. त्यामुळे मदत घेणारी बाई आणि मदत देणारी बाई, दोन्ही जागांवरून हे पाहिलंय. त्या अनुभवावरून सांगते.

अजून काही विकत घेतलं नसेल, तर घेऊ नका. येत्या शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा तुमच्यातले दोघे-तिघे आधी नुसते जाऊन या. मुख्याध्यापकांना फोन करून, वेळ ठरवून जा. दोन-तीन तास बसा, बघा, मोजा. खरेदी त्यानंतर.

असं का म्हणते? जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. गणवेश सरकारकडून येतो, दुपारी पोषण आहारातली खिचडी शाळेतच शिजते. यातलं काही उशिरा येतं, काही मापाचं येत नाही, तरी येतं. शिवाय राजगड-तोरण्याचा परिसर पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखा. ट्रेकचे गट, कंपन्या, गणेश मंडळं, सगळ्यांच्या गाड्या डांबरी रस्त्यावरच्या त्याच पाच-सहा शाळांपुढे थांबतात. एका शाळेत मी एकेका मुलाकडे चार-चार दप्तरं पाहिली आहेत. तिथून वर तासाभराची चढण चढलं की दुसरी वाडी. तिथली मुलं वह्या खताच्या पिशवीत घालून आणत होती. म्हणून शनिवारी पहिला प्रश्न हा विचारा: गेल्या दोन वर्षांत इथे कोण काय देऊन गेलं?

दुसरा प्रश्न मात्र ‘तुम्हाला काय हवंय?’ असा विचारू नका. गुरुजी संकोचतात. ‘द्याल ते चांगलंच,’ असं म्हणतात. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले, कारण दारात आलेल्या माणसाकडे मागायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा मुलांचा दिवस विचारा. कोण कुठून येतं, वाटेत किती ओढे लागतात, सकाळी काय खाऊन येतात, या आठवड्यात कोण आलं नाही आणि का नाही आलं. खरी यादी या उत्तरांत असते.

माझ्या शाळेचंच सांगते. वरच्या धनगरवाड्यावरून नऊ मुलं यायची, दोन ओढे ओलांडून, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालून. डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ, तिच्याखाली दप्तर पोटाशी धरलेलं. शाळेत पोचेपर्यंत कमरेखाली सगळं चिंब. मग त्याच ओल्या कपड्यांत, दमट सतरंजीवर, साडेचार-पाच वाजेपर्यंत बसायचं. जुलैच्या अखेरीस निम्मा वर्ग खोकत असायचा आणि दोघं-तिघं तापाने घरी. त्या वर्षी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी पाण्याच्या बाटल्या दिल्या. चांगल्या होत्या, मुलं खूश झाली. पण मला हवे होते कोरडे कपडे, आणि ते मला कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

पुढच्या वर्षी होजिअरीचा व्यापार असलेल्या नातेवाइकांकडून चाळीस टी-शर्ट आणि हाफ पँटी आणल्या. शाळेतल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि व्हरांड्यात दोरी बांधली. मुलं आली की अंग पुसायचं, ओले कपडे दोरीवर, कोरडे अंगात. घरी जाताना आपापले कपडे घालून जायचं, शाळेचे शाळेतच. त्या पावसाळ्यात हजेरीपटावरच्या गैरहजेरीच्या खुणा निम्म्याने तरी कमी झाल्या. इतक्या वर्षांत शेकडो वस्तू माझ्या हातून गेल्या, पण त्या चाळीस जोड्यांइतकी कामी आलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

म्हणून तुमच्या पैशातला पहिला वाटा याच कामाला ठेवा. मुलगा-मुलगी दोघांना चालतील अशा सुती टी-शर्ट आणि इलॅस्टिकच्या पँटी, चार मापांत मिळून चाळीस जोड्या. सोबत पातळ पंचे, ते लवकर वाळतात. टर्किशचा टॉवेल पावसाळ्यात वाळतच नाही. जाड नायलॉनची दोरी आणि चिमटे. ऑगस्टमध्ये दिलंत तरी सप्टेंबरअखेरपर्यंतचा पाऊस बाकी असतो, आणि पुढच्या जूनला हे कपडे पेटीत तयार असतात.

रेनकोट घेताना दोन गोष्टी बघा. चेन नको, प्रेसबटणं हवीत. पहिल्या पंधरवड्यात चेन अडकते आणि मग रेनकोट गोठ्यातल्या खुंटीवर जातो. आणि माप एक नंबर मोठं घ्या, कारण पाठीवरच्या दप्तरासकट तो अंगावर यायला हवा. छत्री देऊ नका. त्या डोंगरातल्या वाऱ्यापुढे लहान मुलाच्या हातात ती टिकत नाही, आणि निसरड्या वाटेवर दोन्ही हात मोकळे लागतात.

पायांचं तर फारच जपून बघा. कॅनव्हासचे बूट जूनमध्ये एकदा भिजले की दसऱ्यापर्यंत वाळत नाहीत, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. गमबूट दिसायला आदर्श वाटतात, पण ओढ्यातून जाताना वरून पाणी शिरतं आणि पाय जड होतो. मी स्वतः एका वर्षी गमबूट दिले होते. ऑगस्टमध्ये गेले तर मुलं ते हातात धरून अनवाणी चालत होती. तेव्हापासून मागे पट्टा असलेल्या, तळाला खोल खाचा असलेल्या प्लास्टिकच्या सँडल देते. पाणी आलं तसं निघून जातं. आणि मापं कधीही वयावरून घेऊ नका. पुण्यातल्या आठ वर्षांच्या मुलाच्या मापाने वाडीवरच्या आठ वर्षांच्या मुलाचे कपडे घेतले तर ते ढगळ होतात. पायाचं मात्र उलटं होतं. अनवाणी चालून पंजा रुंद झालेला असतो, नंबर बरोबर असूनही चप्पल चावते.

वह्यांबद्दल थोडक्यात. दुकानदार सरसकट दोनशे पानी एकरेघी गठ्ठे बांधून देतो. पहिली-दुसरीला दुरेघी लागते, गणिताला चौकटीची, इंग्रजीला चाररेघी. गुरुजींकडून इयत्तेप्रमाणे आकडा घ्या आणि पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात तसाच माल मागा, तिथे सगळं मिळतं. पहिलीला दगडी पाटी अजूनही लागते. मात्र पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा वर्गात मोकळा ठेवू नका म्हणून सांगा. मुलं त्या खातात. जे मूल पेन्सिल किंवा माती सारखं खातं, त्याच्या अंगात बहुतेक वेळा रक्त कमी असतं. असं मूल दिसलं तर गुरुजींना आणि आशाताईंना सांगणं ही कुठल्याही भेटवस्तूपेक्षा मोठी मदत आहे.

आता शाळेतली एक आतली गोष्ट. टिकाऊ वस्तू शाळेला दिली की ती जडवस्तूंच्या नोंदवहीत चढते, ज्याला आम्ही डेडस्टॉक म्हणतो. ती हरवली, मोडली तर जबाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. त्यामुळे कॅरम, भिंग, सूक्ष्मदर्शक, गोष्टींची पुस्तकं ही सगळी लोखंडी कपाटात कुलपाआड जातात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतात. यात गुरुजींचा दोष नाही. बदली होऊन जाताना प्रत्येक वस्तू मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यावी लागते, ते ओझं मी वाहिलंय. यावर उपाय सोपा आहे. देताना एक साधं पत्र द्या: ‘ही पुस्तकं मुलांनी हाताळण्यासाठी आणि घरी नेण्यासाठी आहेत. फाटली, हरवली तरी देणाऱ्यांची काहीही हरकत नाही.’ खाली सह्या करा. ते पत्र फाइलला लागलं की गुरुजींचा हात मोकळा होतो. पुस्तकं कपाटात नकोत, दोरीवर चिमट्यांनी टांगा किंवा उघड्या फळीवर ठेवा.

पुस्तकं निवडताना वयाच्या मानाने एक पायरी सोपी घ्या. मोठी चित्रं, पानावर दोन-तीन ओळी. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तकं या मुलांच्या हातात मी फार रमताना पाहिली आहेत. घरी जमलेल्या शब्दकोशांची, स्पर्धापरीक्षांची, जुन्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांची रद्दी कृपा करून नेऊ नका. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, त्याची वार्षिक वर्गणी शाळेच्या नावाने भरा. दर महिन्याला पोस्टमन नवा अंक आणतो आणि मुलं त्याची वाट बघतात. वर्षभर येत राहणाऱ्या वस्तूची मजा वेगळीच असते.

टीव्ही, टॅबलेट, पाण्याचं यंत्र यांचा मोह या रकमेत तरी टाळा. यंत्र द्यायचं तर तीन वर्षांची देखभालही द्यायची तयारी हवी. नाहीतर लाइट गेली, फिल्टर तुंबला, की ते आणखी एक कुलूपबंद डेडस्टॉक.

जुन्या कपड्यांबद्दल स्पष्टच लिहिते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा पुण्यातून कपड्यांचे ढीग जमले. एका हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जणी चार दिवस तेच निवडत होतो. ब्लाउज नसलेल्या साड्या, एका पायाचे बूट, डाग पडलेली झबली, लग्नातले जरीचे घागरे. निम्म्याहून जास्त बाजूला काढावं लागलं, आणि त्या चार दिवसांत जे पोचवता आलं असतं ते राहिलं. वाडीवरच्या आईलाही कळतं की हे कुणाच्या तरी कपाटातून निघालंय. ती घेते, कारण नाही म्हणता येत नाही. तुमच्याकडे एखादं अगदी नवं कोरं असेल तर ठीक. पण मुलांना जे खरोखर कमी असतं आणि कोणीच देत नाही ते म्हणजे आतले कपडे. नव्या निकर, बनियन, मोठ्या मुलींना स्लिप. हे बंद पाकिटात, घरातल्या बाईच्या हाती द्यायचं. पाळीच्या पॅडआधी सुद्धा मी निकरची चौकशी करते, कारण धड निकर नसेल तर पॅड वापरणार कसं?

चॉकलेटं राहू द्या. मुलांच्या दाढा बघा म्हणजे कळेल. खाऊ न्यायचाच तर शेंगदाण्याची चिक्की, केळी, नाहीतर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आदल्या दिवशी निरोप देऊन सर्वांसाठी अंडी. त्या ताईंनाच विचारा, पातेलं, झारा, कढई, काय हवंय. शाळेतला सगळ्यात कमी विचारला जाणारा माणूस म्हणजे त्या.

औषधं नेऊ नका. जंताच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमातून वयाप्रमाणे दिल्या जातात, त्यात तुमच्या गोळ्यांची भर पडली तर हिशेब चुकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येतं. एखाद्याला चष्मा लागलाय, कान वाहतोय, हृदयाचा काही दोष निघालाय, असं त्यांनी लिहून दिलेलं असतं. पण आईबापांकडे पुण्याला यायचे पैसे नसतात, किंवा एक दिवसाची मजुरी बुडवता येत नाही. तो कागद शोधा. एका मुलाला नेऊन-आणून चष्मा करून देणं हे तुमच्यासारख्या गाडी असलेल्या लोकांना सहज जमण्यासारखं आहे. लहान बाळांसाठी दुधाची भुकटी आणि बाटल्या मात्र अजिबात नाहीत. १९९२च्या कायद्याने, अनाथाश्रम वगळता, त्या कुणाला दान करायला मनाई आहे, आणि कारणही तसंच आहे: अस्वच्छ पाण्यात कालवलेलं दूध बाळाला जुलाब लावतं, आणि आईचं दूध आटतं ते वेगळंच.

पैसे उरले आणि घरं बघून आलात, तर मच्छरदाणीचा विचार करा. या भागात बहुतेक मुलं जमिनीवर झोपतात, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यालाच चावते. चावा इतका बारीक असतो की कधी कधी कळतही नाही. कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर तिलाही अडवते. देताना खोचून दाखवा, आणि साप चावला तर भगताकडे न जाता १०८ला फोन लावायचा, एवढं बोला.

शाळेचा पट २३ आहे, पण तुमची मोजणी २३ची नसावी. अंगणवाडीतली भावंडं आणि पाचवीनंतर खाली हायस्कूलला जाणारी मुलं धरा, साधारण ३८-४० होतील. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास असतो. एसटी मात्र फाट्यापर्यंतच येते, पुढची वाट अंधारात. त्यांना चार्जिंगची छोटी बॅटरी द्या. एका घरात दोघांना मिळालं आणि तिसऱ्याला नाही, असं होऊ देऊ नका. ते पोर ती गोष्ट विसरत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला स्वेटर पुरला नव्हता. तिने सहावीत गेल्यावर मला ती तारीख सांगितली.

वेळेचं गणितही मांडा. रेनकोट, सँडल, वह्या यांची खरी वेळ जूनचा पहिला आठवडा, शाळा उघडायच्या आत. शहरातून मदत निघते दिवाळीत. तोवर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघायला लागलेली असतात, मुलंही त्यांच्यासोबत जातात. जानेवारीत गेलात तर ज्यांची गरज सगळ्यात जास्त, नेमकी त्यांचीच जागा वर्गात रिकामी दिसेल. शाळेत कातकरी मुलं असतील तर ती कधी जातात आणि कुठे जातात हे लिहून घ्या. त्याच काळात दौंड, इंदापूर, बारामतीकडे बीडहून ऊसतोड कामगार येतात, त्यांची मुलं कोपीत, म्हणजे पालासारख्या झोपडीत, राहतात. त्यांना द्यायचं ते बैलगाडीत मावेल एवढंच. पण तो वेगळा विषय आहे.

हिशेब ढोबळ सांगते, भाव दुकानागणिक बदलतील. कोरड्या कपड्यांच्या चाळीस जोड्या १० हजार, ३८ रेनकोट १७ हजार, सँडल साडेआठ हजार, वह्या-पाट्या ६ हजार, पुस्तकं आणि ‘किशोर’ ६ हजार, खेळ अडीच हजार. हे पन्नास हजार झाले. उरलेले १२ हजार खर्चू नका, चष्म्यासाठी, प्रवासासाठी आणि पुढच्या जूनसाठी ठेवा. खेळांचे अडीच हजार मात्र कापू नका. दोन चांगले फुटबॉल, हवा भरायचा पंप आणि त्याच्या चार सुया (सुई हरवली की बॉल संपला), दोरीच्या उड्या, आणि प्रत्येकाला रंगांची स्वतःची पेटी. गरजेच्या वस्तू देताना आपण विसरतो की ती मुलं आहेत. तिसरीतल्या एका मुलाने रंगपेटी वर्षभर उघडलीच नव्हती, रोज फक्त वास घेऊन ठेवायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘बाई, संपंल ना!’ तेव्हापासून मी दर पेटीसोबत दुसरी पेटी गुरुजींकडे ठेवते आणि मुलांना तसं सांगते.

राहिला वाटपाचा प्रश्न. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला सगळी वाडी येते, मुलं धुतलेल्या गणवेशात येतात. त्या दिवशी तुम्ही या, ध्वजाला वंदन करा, मुलांची गाणी-भाषणं ऐका. पण रांग लावून, नाव पुकारून, हातात वस्तू देत फोटो काढू नका. सामान दोन-तीन दिवस आधी पोचवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. त्यातल्या आयांनी मापं बघून आपल्या हाताने वाटू द्या. रंग मुलांना निवडू द्या. हिशेबासाठी सोसायटीला काही दाखवायचंच असेल तर पावती आणि मुख्याध्यापकांचं सही-शिक्क्याचं पत्र दाखवा, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचा फोटो दाखवा. मुलांचे चेहरे सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नका. तुमची मुलं कधी कुठे अशी रांगेत उभी राहिलेली तुम्हाला आवडेल का, एवढाच विचार करा.

तुमच्या मुलांना मात्र जरूर न्या. त्यांच्या हातात वाटायला काही देऊ नका, बॉल द्या. पहिली दहा मिनिटं दोन्हीकडची मुलं लाजतात, मग खेकडे धरायला ओढ्यावर जातात. सोबत मोठं माणूस असू द्या, ऑगस्टात पाणी ओढीचं असतं.

शनिवारी पहाटे सहाला निघालात तर शाळा भरताना पोचाल, आणि मुलं किती भिजून येतात हे डोळ्यांनी दिसेल. सोबत शिंप्याची टेप, वही, जाड पुठ्ठ्याचे तुकडे आणि स्केचपेन घ्या. प्रत्येकाचा उजवा पाय पुठ्ठ्यावर ठेवून, मुलाला उभं करून, भोवती रेघ मारा. बसवून घेतलेलं माप लहान येतं. वाढीसाठी पुढे अर्धं बोट सोडा, आणि पुठ्ठ्यावर नाव व इयत्ता तिथल्या तिथे लिहा. पुण्यात आल्यावर त्या चाळीस पावलांतलं कोणतं कुणाचं, हे कुणालाच सांगता येत नाही.